पिकअपच्या मागच्या ॲक्सलमधले ऑईल

मसुऱ्याच्या बाजारपेठेतून माल भरून निघालेली पिकअप कणकवलीला येते, तिथून फोंडाघाट चढून दाजीपूर, राधानगरी करत कोल्हापूर गाठते. घाटातल्या एखाद्या उलट्या वळणावर उभे राहून तिच्या मागच्या चाकांकडे पाहिले, तर एक साधे कोडे समोर येते. दोन्ही चाके एकाच ॲक्सलवर आहेत आणि दोघांना फिरवणारे इंजिनही एकच आहे. पण वळणाच्या आतल्या चाकाला कापायचे अंतर कमी आणि बाहेरच्याला जास्त. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर आहे असे धरले, तर पूर्ण उलट्या फिरणाऱ्या वळणात बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे पावणेपाच मीटर जास्त धावते. वळण अरुंद असो की ऐसपैस, हा फरक तेवढाच राहतो. गाडीचे तोंड जितके फिरले आणि चाकांत जितके अंतर आहे, त्या दोनच गोष्टींवर तो अवलंबून असतो.

दोन्ही चाके एकाच सळईला घट्ट बसवली असती, तर या पावणेपाच मीटरांचा हिशेब टायरने रस्त्यावर घासूनच पुरा करावा लागला असता. बैलगाडीला ही अडचण येत नाही, कारण तिची चाके आसाभोवती मोकळी फिरतात आणि गाडी ओढणारी ताकद चाकांतून येतच नाही. पिकअपमध्ये मात्र चाकांना ताकदही द्यायची आणि वेगवेगळ्या वेगाने फिरण्याची मोकळीकही. हे दुहेरी काम मागच्या ॲक्सलच्या मधोमध दिसणाऱ्या लोखंडी फुगवट्यात होते. तो डिफरन्शियल. गॅरेजमध्ये अख्ख्या ॲक्सलच्या कवचालाच हौसिंग म्हणतात. इंजिन ऑईल तारखेला बदलणारे, एअर फिल्टर झटकणारे, टायरची हवा न चुकता पाहणारे मालकही या फुगवट्यातले ऑईल वर्षानुवर्षे उघडून पाहत नाहीत. डॅशबोर्डवर त्याचा दिवा नसतो, सहज ओढून पाहावी अशी पट्टी नसते, म्हणून ते डोक्यातूनच जाते.

जुवाखालचे दोन बैल

नांगराचा इसाड जुवाच्या मध्यावर बांधलेला असतो. सरळ तासात दोन्ही बैल बरोबरीने चालतात आणि जू आडवे राहते. कुणग्याच्या कोपऱ्यावर वळताना बाहेरचा बैल पुढे सरतो, आतला जवळजवळ जागीच पावले टाकतो, जू तिरके होते. पण मधल्या बंधामुळे ओढ दोघांवर सारखीच वाटली जाते. डिफरन्शियलच्या आत हेच काम दातेरी चक्रे करतात.

इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून लांब फिरत्या शाफ्टने मागे येते. शाफ्टच्या टोकाला लहान दातेरी चक्र असते, ते पिनियन. ते एका मोठ्या चक्राला, म्हणजे क्राऊनला, फिरवते. इथे दोन गोष्टी होतात. लांबीच्या दिशेने आलेले फिरणे काटकोनात वळून चाकांकडे जाते, आणि वेग कमी होऊन जोर वाढतो. पिनियनला 10 आणि क्राऊनला 41 दात असतील, तर शाफ्टच्या 4.1 फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते. भरलेली गाडी घाट चढू शकते त्यात या चौपट जोराचा मोठा वाटा आहे.

क्राऊनला एक पिंजरा घट्ट बसवलेला असतो. पिंजऱ्यात आडवी पिन आणि पिनवर मोकळे फिरणारे लहान गिअर असतात. त्यांना स्टार पिनियन म्हणतात. ते दोन्ही बाजूंच्या ॲक्सलवरच्या गिअरांत अडकलेले असतात. सरळ रस्त्यावर स्टार पिनियन आपल्या पिनवर फिरतच नाहीत, पिंजऱ्याबरोबर नुसते घुमतात आणि दोन्ही चाकांना सारखे ओढतात. वळणावर ते पिनवर हळूहळू गडगडतात, म्हणजे जू तिरके होते. एका चाकाचा वेग जितका घटतो तितकाच दुसऱ्याचा वाढतो, आणि दोघांची सरासरी नेहमी क्राऊनच्या वेगाएवढी राहते. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी ही रचना 1820च्या दशकाच्या अखेरीस मांडली. आज छोटा हत्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, 2005 साली बाजारात आलेल्या टाटा एसच्या मागच्या ॲक्सलमध्येही तत्त्व तेच आहे.

या समान वाटणीचा एक तोटा पावसाळ्यात सगळ्यांनी पाहिलेला असतो. एक बैल चिखलात घसरू लागला आणि त्याला पाय रोवता येईना, तर दुसऱ्याची ओढही वाया जाते. तसेच एक चाक चिखलात रुतले की तेच गरगरते आणि कोरड्यावरचे चाक गप्प उभे राहते. थांबलेल्या चाकाचा वेग शून्य असल्यामुळे गरगरणारे चाक क्राऊनच्या दुप्पट वेगाने फिरते. एरवी जेमतेम हलणारे स्टार पिनियन तेव्हा जोराने फिरत असतात, त्यांच्या पिनजवळ ऑईलचा पातळ थर टिकत नाही, आणि पाच-दहा मिनिटे ॲक्सिलरेटर दाबून धरला तर तिथे लोखंडावर लोखंड घासते. रुतलेली गाडी रेस करून काढण्यापेक्षा चाकाखाली दगड-झावळी घालून, चार माणसांनी ढकलून काढलेली केव्हाही बरी.

दातांची घसट

आता ऑईलकडे. ॲक्सलमध्ये इंजिन ऑईल ओतून का चालत नाही, याचे उत्तर पिनियनच्या जागेत आहे. पूर्वीच्या गाड्यांत पिनियन क्राऊनच्या बरोबर मध्यरेषेवर बसे. 1926 साली अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने आपल्या मोटारींत पिनियन मध्यरेषेच्या खाली आणले. त्यामुळे मागे जाणारा शाफ्ट खाली आला, गाडीचा तळ खाली घेता आला, दात मोठे आणि मजबूत झाले, आवाजही कमी झाला. या रचनेला हायपॉइड म्हणतात आणि आजच्या बहुतेक पिकअप गाड्यांत तीच असते.

पण तिची किंमत मोजावी लागते. मध्यरेषा सुटल्यामुळे पिनियनचा दात क्राऊनच्या दातावर नुसता टेकून उचलला जात नाही, तर प्रचंड दाबाखाली त्याच्या लांबीभर घसरत जातो. साधे तेल त्या दाबाखाली पिळून बाजूला निघून जाते. दोन धातू टेकले की त्या बिंदूवर क्षणभर इतकी उष्णता होते की ते एकमेकांना चिकटतात आणि पुढच्या क्षणी फाटून सुटतात. दातावर ओरखडे उठतात ते असे.

म्हणून गिअर ऑईलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगे मिसळतात. थंड असताना ती गप्प असतात. दाताच्या टोकाशी उष्णता उसळली की तिथल्या तिथे लोखंडाशी संयोग पावून एक अतिपातळ थर तयार करतात. तो पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे घासला जातो, निघतो आणि पुन्हा बनतो. झीज होते ती या थराची, दात वाचतो. गिअर ऑईलचा डबा उघडल्यावर जो उग्र वास येतो तो याच गंधकाचा. 1970च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या कामासाठी स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल गंधकाशी मिसळून वापरले जाई. देवमाशांची संख्या घटत चालल्याने अमेरिकेने त्याच्यावर बंदी घातली, आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले; होहोबा या वाळवंटी झुडपाच्या बियांचे तेल त्यांपैकी एक. यंत्राच्या एका दाताखातर समुद्रातला एवढा मोठा जीव मारला जात होता, हे किनाऱ्यावरच्या माणसाने तरी लक्षात ठेवावे असे मला वाटते.

बाटलीवरचे आकडे

दुकानात गेले की दोन शब्द ऐकू येतात: 90 नंबर आणि 140 नंबर. हा दाटपणाचा आकडा आहे. एसएई या संस्थेच्या मापानुसार 100 अंश सेल्सियसला 90 नंबरच्या ऑईलचा दाटपणा 13.5 ते 18.5 सेंटिस्टोक असतो आणि 140 नंबरचा 24 ते 32.5. साध्या पाण्याचा दाटपणा 20 अंशांना एक सेंटिस्टोक असतो, त्यावरून अंदाज यावा.

इथे बहुतेकांची एक समजूत चुकते. 90 हा आकडा इंजिन ऑईलच्या 40 किंवा 50पेक्षा मोठा दिसतो, म्हणून गिअर ऑईल दुप्पट दाट असेल असे वाटते. इंजिन ऑईलची मोजपट्टी वेगळी आहे. 40 नंबरचे इंजिन ऑईल 100 अंशांना 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक असते आणि 50 नंबरचे 16.3 ते 21.9. म्हणजे तापल्यावर 90 नंबरचे गिअर ऑईल आणि 40-50 नंबरचे इंजिन ऑईल दाटपणात जवळपास सारखेच. खरा फरक आत मिसळलेल्या गंधक-फॉस्फरसाचा आहे. बोटावर घेऊन ‘बऱ्यापैकी दाट आहे’ असे म्हणत इंजिन ऑईल हौसिंगमध्ये ओतणाऱ्याच्या हातून नेमकी हीच गोष्ट निसटते.

80डब्ल्यू-90 असे लिहिलेले असेल, तर पहिला आकडा थंडीचा असतो. 80डब्ल्यूची परीक्षा उणे 26 अंशांना घेतात, 85डब्ल्यूची उणे 12ला. मालवण तालुक्यात थंडीतही पारा त्याच्या जवळपास जात नाही, तेव्हा आपल्यासाठी दुसरा आकडा महत्त्वाचा.

मग 140 घ्यावे की 90? गाडीच्या पुस्तकात जे असेल ते, हे माझे उत्तर आहे. घाटात जड माल नेणारे काही चालक ‘दाट ते भक्कम’ म्हणून 140 घालतात. पुस्तकात सतत जड वाहतुकीसाठी 85डब्ल्यू-140ची मुभा दिली असेल तर ते योग्यच आहे. नसेल, तर गरजेपेक्षा दाट ऑईल घुसळण्यातच ताकद जाते, ते जास्त तापते आणि पिनियनच्या बेअरिंगपर्यंत पोहोचायला वेळ लावते.

दुसरी खूण जीएल-4 किंवा जीएल-5 अशी असते. ही अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची श्रेणी. आकडा वाढतो तसे दाब झेलणाऱ्या संयुगांचे प्रमाण वाढते. जीएल-4मध्ये ते जीएल-5च्या साधारण निम्मे असते. हायपॉइड डिफरन्शियलला जीएल-5 लागते. मग तेच गिअरबॉक्समध्येही ओतावे का? न विचारता ओतू नये. कित्येक गिअरबॉक्समध्ये गिअर मिळवून घेणाऱ्या कड्या पितळेच्या असतात, आणि लोखंडाला वाचवणारे गंधक पितळेला मात्र खाऊ शकते. एकाच डब्यातून दोन्हीकडे ऑईल भरण्याची सवय म्हणून टाळावी.

चौकट: दुकानात पाहण्याच्या गोष्टी
• आधी गाडीचे पुस्तक, मग दुकानदाराचा सल्ला.
• डिफरन्शियलसाठी बाटलीवर जीएल-5 आहे का? दाटपणा पुस्तकाशी जुळतो का?
• गाडीत लॉकिंग किंवा कमी घसरणारे डिफरन्शियल असेल तर त्याच्यासाठी वेगळे ऑईल सांगितलेले असू शकते.
• सीलबंद डबा घ्यावा. सुटे, मापाने मिळणारे ऑईल घेऊ नये.
• लहान गाडीला दीड लिटरच्या आसपास, मोठ्या पिकअपला त्याहून जास्त लागते. नेमका आकडा पुस्तकात.

कोकणात शत्रू पाणी

पुस्तकात ऑईल बदलण्याची मुदत किलोमीटरमध्ये असते. ती पाळावीच, आणि नवीन गाडीचा किंवा नव्या क्राऊन-पिनियनचा पहिला बदल लवकर करावा, कारण सुरुवातीला दात एकमेकांत बसताना बारीक कीस पडतो. पण सिंधुदुर्गातल्या गाडीसाठी किलोमीटरपेक्षा मोठा प्रश्न पाण्याचा आहे, आणि या लेखात सांगण्यासारखे सगळ्यात महत्त्वाचे हेच आहे.

हौसिंगवर ब्रीदर नावाची एक छोटी टोपी असते. आतली हवा तापून फुगली की ती तिथून बाहेर पडते, थंड झाली की आत येते. आता जुलैचा दिवस डोळ्यांसमोर आणा. माल पोहोचवून गाडी घाट उतरून येत आहे, हौसिंग तापून समजा 80 अंशांवर आहे. पुढे कॉजवेवरून गुडघाभर पाणी वाहते आहे. गाडी पाण्यात शिरते, हौसिंग झपाट्याने गार होते. 80 अंशांची हवा 28 अंशांवर आली तर तिचे आकारमान सुमारे 15 टक्क्यांनी घटते. ती पोकळी भरायला बाहेरून काहीतरी आत ओढले जाणारच. ब्रीदर पाण्याखाली असेल, किंवा ऑईल सील जुने असेल, तर पाणीच आत येते. गाडी पाण्यातून सुखरूप बाहेर येते, चालकाला काहीच जाणवत नाही.

आत गेलेले पाणी चक्रांनी घुसळले जाऊन ऑईल दुधाळ होते. अशा ऑईलची भार पेलण्याची शक्ती घटते. शिवाय गाडी रात्रभर उभी राहिली की बेअरिंगच्या गुळगुळीत पृष्ठावर गंजाचे ठिपके उठतात. बेअरिंगला ठिपका पडला की तो पुसला जात नाही. तिथून धातूचे पापुद्रे सुटत जातात आणि काही महिन्यांनी आवाज सुरू होतो, तोपर्यंत कॉजवेची आठवणही राहिलेली नसते.

मासळी वाहणाऱ्या गाड्यांना यात मिठाची भर पडते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. रापणीच्या वेळी वाळूवर उतरलेली गाडी, क्रेटमधून ठिबकणारे बर्फाचे खारे पाणी, हे सगळे ॲक्सलवर आणि ब्रीदरवर पडते. टोपी गंजून किंवा चिखलाने बंद झाली तर उलटा त्रास: आतला दाब वाढतो आणि ऑईल चाकाजवळच्या सीलमधून बाहेर येते. ते ब्रेक लायनरवर पसरले तर करूळ किंवा फोंडाघाट उतरताना मागच्या चाकाचा ब्रेक लागणार नाही. सीलमधून ओघळ दिसत असताना भरलेली गाडी घाटात नेऊ नये. इथे माझे मत ठाम आहे.

म्हणून हौसिंग पाण्याखाली गेले असेल तर किलोमीटर न मोजता त्याच आठवड्यात फिलर प्लग उघडून पाहावा. ऑईल दुधाळ असेल तर लगेच बदलावे. पाण्यातून वारंवार जाणाऱ्या गाडीला ब्रीदरऐवजी रबरी नळी जोडून तिचे दुसरे टोक चॅसीवर उंच बांधून घेता येते. काम छोटे आहे, मेकॅनिककडून ते नीट करून घ्यावे. बाकीच्यांनी वर्षाची आखणी हंगामाप्रमाणे ठेवावी. पाऊस संपल्यावर एकदा तपासणी, आणि आंब्याची भरणी सुरू होण्याआधी दुसरी. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख दरवर्षी वेगळी असते, पण ती जाहीर झाली की आंबा जवळ आला हे मसुऱ्यात कोणाला सांगावे लागत नाही. तोच सुमार धरावा.

बदलताना

गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून आणावी. कोमट ऑईल पूर्ण वाहते आणि तळाशी बसलेला कीसही सोबत घेऊन येते. गाडी सपाट जागी उभी करावी, चाकांना दगड लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

आधी वरचा फिलर प्लग सोडावा, नंतरच खालचा ड्रेन प्लग. हा क्रम चुकवू नये. ऑईल काढून टाकले आणि गंजलेला वरचा प्लग हललाच नाही, तर रिकाम्या हौसिंगची गाडी जागेवरच अडकते. प्लगच्या भोवतीची माती आधी तारेच्या ब्रशने काढावी, नाहीतर ती आत पडते.

बाहेर आलेले ऑईल हीच खरी तपासणी, तेव्हा ते घाईने फेकू नये. काळपट, पण एकसारखे असेल तर वयाचा परिणाम. दुधाळ असेल तर पाणी. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर राखाडी, लोण्यासारखा बारीक कीस सापडतो; तो नेहमीचा. बोटाला टोचणारे कण, चकत्या किंवा दाताचा तुकडा दिसला तर नवे ऑईल घालून प्रश्न सुटणार नाही, हौसिंग उघडावेच लागेल. प्लगचा वायसर नवा घालावा, ड्रेन प्लग घट्ट करावा, आणि फिलरच्या भोकातून नवे ऑईल ओघळू लागेपर्यंत भरावे. पातळी तीच. त्याहून जास्त भरण्याचा हट्ट करू नये. जादा ऑईल फेसाळते, तापते आणि सीलवर येते. दुसऱ्या दिवशी दोन्ही प्लग एकदा पाहून घ्यावेत.

आवाज काय सांगतो

ॲक्सिलरेटर दाबला की घुमणारा आणि सोडला की बदलणारा आवाज बहुधा क्राऊन-पिनियनचा असतो. वेगाबरोबर वाढणारी एकसारखी घरघर बेअरिंगची. फक्त वळताना होणारी कटकट स्टार पिनियनकडे बोट दाखवते. गाडी सुटताना एकदाच ‘ठक्’ होत असेल तर आधी शाफ्टचे क्रॉस तपासावेत, बहुतेक वेळा दोष तिथे निघतो. आवाज दाबण्यासाठी हौसिंगमध्ये लाकडाचा भुसा घालण्याची जुनी लबाडी जगभर माहीत आहे. जुनी गाडी घेताना फिलर प्लग उघडून आत बोट घालून पाहण्यात संकोच करू नये. विकणारा प्रामाणिक असेल तर त्याची हरकत असणार नाही.

जुन्या ऑईलचे काय

उरते ते काढलेले ऑईल. ते कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतात, धूळ बसावी म्हणून अंगणात ओततात, नाहीतर सरळ व्हाळात सोडतात. त्यात धातूचा कीस आणि गंधक-फॉस्फरसाची संयुगे असतात. मसुऱ्यातला व्हाळ गड नदीला मिळतो आणि नदी कालावलच्या खाडीला. त्याच खाडीतल्या तिसऱ्या आणि कालवे आपल्या ताटात येतात. केंद्र सरकारच्या 2016च्या नियमांनुसार वापरलेले ऑईल हा घातक कचरा आहे. नवे ऑईल ज्या डब्यातून आले, त्याच डब्यात जुने भरून झाकण लावा आणि जे गॅरेज ते साठवून परवानाधारक संकलकाला देते, तिथेच द्या. तुमचे गॅरेज तसे करत नसेल, तर पुढच्या वेळी ऑईल बदलण्याआधी मालकाला तेवढे विचारा.